स्क्रीन सोडून बोला!

दिवाळीला गोंदियाला गेले की माझी कामं ठरलेली असतात. घरातल्या यच्चयावत मोबाइलचं स्टोरेज रिकामं करायचं, मामाच्या टीव्हीचा रिमोट ‘रिपेअर’ करायचा (म्हणजे सेल बदलायचे) आणि पुण्यात आपल्याला नेमकं पॅकेज किती, हे शेजारच्या काकूंना शेवटपर्यंत सांगायचं नाही. गेल्या दिवाळीत मात्र प्रोग्रॅम बदलला. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस अख्खं राज्य आडवं कापत जिथे एकदाची संपते, त्या प्लॅटफॉर्मवर मामाचं कोपर धरून माझा मामेभाऊ उभा होता. कशी आहेस नाही, गाडी किती लेट झाली नाही. डायरेक्ट मुद्द्यावर. ‘‘दोन दिवस तू माझी. लॅपटॉप घ्यायचा आहे.’’

दादाला आता दिसत नाही. ‘आता’ म्हणते, कारण लहानपणी आमच्या गल्ली क्रिकेटचा अंपायर तोच असायचा आणि मला रनआउट द्यायला त्याचे डोळे एकदम तेज होते. रेटिनायटिस पिगमेंटोसा हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं तेव्हा ते कुणाला नीट म्हणताही येत नव्हतं. डोळ्याच्या पडद्याचा हा आनुवंशिक आजार. आधी संध्याकाळनंतर दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसत नाही, मग सगळं जग नळीतून पाहिल्यासारखं आणि मग ती नळीही अरुंद होत जाते. दादाची नळी चौतिसाव्या वर्षी बंद झाली. तोपर्यंत तो एका सरकारी कचेरीत लिपिक होता. अजूनही आहे. खरी गंमत तिथेच आहे.

नोकरी जाणार नव्हती. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, त्याचं पद खाली आणता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय आणि त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यातही होतं. त्यामुळे पगार चालू. बंद झालं ते काम. साहेब माणूस भला, त्यांनी सांगितलं, ‘‘तुम्ही फक्त बसा. टेन्शन घेऊ नका.’’ आपल्यापैकी कुणाला सोमवारी सकाळी बॉसने हे वाक्य ऐकवलं तर आपण त्याला पार्टी देऊ, बॉस! पण दादाने ते सात महिने ऐकलं. फायली समोरून जातात, त्यांचा वास येतो, आवाज येतो आणि आपल्या टेबलावर एकही थांबत नाही. ‘‘मी डबा खायला जातो हापिसात,’’ तो म्हणाला. हसत म्हणाला. मामी उठून आत गेली.

तर लॅपटॉप.

गोंदियाच्या बाजारात मराठी सुरू केली तरी तिसऱ्या वाक्याला हिंदी येतेच. एका बाजूला बालाघाट, एका बाजूला छत्तीसगड, त्यामुळे दुकानदार तर थेट हिंदीतच. त्याने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि दादाला काय हवंय ते मला विचारलं. ‘‘मॅडम, इनको किस काम के लिए चाहिए?’’ हे प्रत्येक दुकानात झालं. बोलणारा माणूस समोर उभा असताना प्रश्न त्याच्यासोबतच्या बाईला! मग फुल एचडी, अँटी-ग्लेअर, ग्राफिक्स कार्ड, आयकेअर मोड (खरंच!) अशी सगळी टेप वाजली. दादाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘भैया, स्क्रीन छोड के बाकी सब बताओ.’’

दुकानदाराकडे सांगण्यासारखं फार काही उरलं नाही. मलाही तेव्हाच जाणवलं, की आपण कॉम्प्युटर घेतो म्हणजे जवळजवळ स्क्रीनच घेतो.

त्यानंतर जे झालं त्याचा मी व्हिडिओ काढायला हवा होता. दादाने काउंटरवरच्या डेमो पीसवर हात फिरवला, खालच्या रांगेतली दोन बटणं चाचपली आणि कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं. लॅपटॉप बोलायला लागला. दुकानदार दोन पावलं मागे सरकला. ‘‘इसमें ये कहाँ से आया?’’ आलं कुठून नाही, ते होतंच. नॅरेटर नावाचा हा स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम विंडोजमध्ये २००० सालापासून आहे. तो रोज असे लॅपटॉप विकत होता आणि मी कॉलेजपासून वापरत होते, पण ही तीन बटणं आमच्यापैकी कुणी कधी एकत्र दाबली नव्हती. दादाला ती नागपूरच्या एका मित्राने फोनवर शिकवली होती. मित्र बँकेत आहे, जन्मापासून अंध आहे आणि दादाच्या मते ‘लय बोर मारतो पण खरं बोलतो’.

मग निवड सुरू झाली. मामी शालूचा पोत बघते ना, पदर चुरगळून, तसं. सात लॅपटॉप. दादा फक्त की-बोर्डवर बोटं फिरवत होता. ‘एफ’ आणि ‘जे’ या दोन बटणांवर एक बारीक उंचवटा असतो, तुमच्याही असेल, आत्ता हात लावून बघा. दोन्ही हातांच्या तर्जनी तिथे टेकल्या की बाकी सगळा की-बोर्ड आपोआप सापडतो. एका महागड्या, कागदासारख्या पातळ मॉडेलवर तो उंचवटा इतका नाजूक होता, की दादाने तीनदा शोधला आणि सोडून दिला. त्याच मॉडेलचं पॉवर बटण डिलीटला खेटून होतं. म्हणजे एक अक्षर खोडायला जावं आणि मशीनच झोपावं! वरची आणि खालची बाण-बटणं अर्ध्या उंचीची, एकमेकांना चिकटलेली. डोळस माणसाला हे कधी खुपत नाही. पण ज्याचं सगळं चालणं-फिरणं त्या बाणांवर, त्याच्यासाठी तो अर्धा जिना आहे.

शेवटी घेतला तो दुकानातला सगळ्यात जाडजूड, अनकूल लॅपटॉप. आदल्या वर्षीचं मॉडेल. उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन, त्यात पाचवर ठळक ठिपका. ग्राफिक्स कार्ड नाही, कारण त्याचा उपयोग नाही. पैसे वाचले ते एसएसडी आणि आठ जीबी रॅमवर घातले. मित्राचा सल्ला होता, की मशीन रेंगाळलं तर आवाज रेंगाळतो आणि आवाज रेंगाळला की आंधळा माणूस स्क्रीन हँग झाला की आपणच चुकलो या विचारात बसून राहतो. मी हौसेने ब्लूटूथ इअरफोन गिफ्ट करणार होते, तोही प्लॅन कटाप. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, वाक्याचं पहिलं अक्षर कधी गिळलं जातं. दीडशे रुपयांचा वायरवाला इअरफोन, तोही एकाच कानात. दुसरा कान ऑफिससाठी मोकळा. ‘‘साहेब मागून येऊन रायले का ते ऐकाले नको का?’’

घरी आल्यावर खरं सॉफ्टवेअर. या जगात दोन मोठी नावं आहेत आणि दोघांच्याही स्टोऱ्या भारी आहेत. पहिलं जॉज. शार्कवाला सिनेमा नव्हे, जॉब अॅक्सेस विथ स्पीच. नावातच ‘जॉब’ आहे बघा. टेड हेंटर नावाचा मोटरसायकल रेसर होता, १९७८ मध्ये कार अपघातात त्याची दृष्टी गेली. त्याने पुढे कंपनी काढली आणि १९८९ मध्ये डॉसवर चालणारं पहिलं जॉज बाजारात आणलं. अजूनही मोठ्या ऑफिसांत तेच चालतं. फक्त किंमत अशी, की लॅपटॉप स्वस्त वाटावा. दुसरं एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं. साधा प्रश्न होता, की कॉम्प्युटर सगळे जेवढ्याला घेतात तेवढ्यालाच मला का मिळू नये? स्क्रीन वाचायचे वेगळे पैसे का? लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेला दोस्त, जेम्स टेह, त्याला येऊन मिळाला. दोघांनी मिळून ते उभं केलं आणि आजही ते फुकट आहे. इच्छा असेल तर देणगी द्या, नसेल तर डाउनलोड करा आणि कामाला लागा. आम्ही कामाला लागलो.

पहिली भेट ‘गोड’ मुळीच नव्हती. एनव्हीडीएसोबत येणारा मराठी आवाज म्हणजे सर्दी झालेला रोबो. मी लगेच विंडोजमधले हिंदी आवाज लावून दिले, त्यांची नावं हेमंत आणि कल्पना. (हो, एकदम दुपारच्या सीरियलमधलं जोडपं.) पण मराठी वाचताना ते हिंदी वळणावर जातात. दोन दिवसांनी दादा पुन्हा रोबोकडे परतला. कारण वेग. गोड आवाज पळवला की त्याचा चिखल होतो, रोबो मात्र कितीही पळवा, शब्द सुटे पडतात. सरावलेली माणसं इतक्या वेगाने ऐकतात, की आपल्याला ते कॅसेट अडकल्यासारखं वाटतं. मित्राने फोनवर त्याचा वेग ऐकवला तेव्हा मामा म्हणाला, ‘‘हे तं मिक्सर चालू केल्यावानी आहे!’’

भाऊबीजेच्या रात्री अकरा वाजता मी पाणी प्यायला उठले तर पुढच्या खोलीत मिट्ट अंधार आणि दादा सोफ्यावर बसलेला. मला वाटलं, झोप येत नसेल. जवळ गेले तर लॅपटॉप मांडीवर, स्क्रीन काळीभोर. एनव्हीडीएमध्ये स्क्रीन काळी ठेवायची सोय आहे. बाजूच्याला डोकावता येत नाही. दादा त्या अंधारात बातम्या वाचत होता. एखादं पान उघडायचं, ‘एच’ दाबत एका मथळ्यावरून पुढच्यावर उड्या मारायच्या, आवडला मथळा तर थांबायचं, बडबड नको झाली की कंट्रोल दाबून गप्प करायचं. माणसांनाही असं बटण असतं तर आमच्या ऑफिसातल्या मीटिंगा सुसह्य झाल्या असत्या.

मामीच्या डोक्यात मात्र एकच. ‘‘पण याले हापिसातलं जमन का?’’ मी तिला प्रांजल पाटील यांचं उदाहरण दिलं. उल्हासनगरची मुलगी, सहाव्या वर्षी दृष्टी गेली, दादरच्या अंध मुलींच्या शाळेत शिकली. पुस्तकं स्कॅन करून कॉम्प्युटरकडून ऐकत यूपीएससीचा अभ्यास केला. २०१६ च्या निकालात ७७३वा नंबर आला, रेल्वेच्या सेवेत घ्यायला डोळ्यांच्या कारणाने नकार मिळाला, तर पुढच्याच वर्षी १२४वी येऊन ती आयएएस झाली. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला सबकलेक्टर. मामीचे डोळे भरून आले. दादा मात्र वैतागला. ‘‘ते सगळं ठीक आहे. आपल्यात कुणाले काही झालं का तुम्ही डायरेक्ट आयएएसच आणता. मले आवक-जावक रजिस्टर पाहिजे बस. डोळेवाल्या क्लार्कले कोणी इचारते का, तू कलेक्टर काहून नाही झाला?’’

मुद्दा मान्य. आम्ही पत्रकार लोक अशी उदाहरणं खिशात घेऊनच फिरतो.

मराठी टायपिंगचा विषय निघाला तेव्हा मात्र माझी विकेट पडली. मी आयुष्यभर इंग्रजी स्पेलिंग टाकून मराठी उमटवत आले. दादाने मित्राच्या सांगण्यावरून इनस्क्रिप्ट शिकायला घेतलं. हा की-बोर्ड १९९१ च्या सरकारी मानकातला, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. उच्चारतो त्याच क्रमाने टाइप करायचं. ‘गोंदिया’ म्हणजे ग, मग ओकार, अनुस्वार, द, त्यानंतर वेलांटी, य, काना. आपण डोळेवाले इथे गडबडतो, कारण वेलांटी दिसते ‘द’च्या आधी. दादाला ती दिसतच नाही, ऐकू येते आणि ऐकू तर ‘द’नंतरच येते! शिवाय उंचवट्याच्या दोन बटणांवर काय बसलंय सांगू? डाव्या बोटाखाली पहिली वेलांटी आणि उजव्या बोटाखाली र. आठवडाभरात तो माझ्याइतका फास्ट झाला. मी लोकांना ‘टायपिंग स्पीड चांगला आहे’ असं सांगणं बंद केलंय.

सुट्टी संपली, मी पुण्यात, दादा ऑफिसात. लॅपटॉप आणि तो वायरवाला इअरफोन घेऊन. पहिल्या दिवशी दुपारी फोन आला. आवाज पडलेला.

‘‘सगळं वाकडं बोलून रायला हा.’’

झालं असं, की ऑफिसातल्या जुन्या फायली कृतिदेवमध्ये. ज्यांनी सरकारी मराठी टाइप केलंय त्यांना हा फाँट माहीत आहे. दिसायला मराठी, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं. फाँट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. डोळ्याला मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडरला आतलं. कृतिदेवमधलं ‘गोंदिया’ एकेक अक्षर करून वाचायला लावलं तर तो म्हणतो, एक्स, के, एस, ए, एफ, एन, सेमीकोलन, के. बारा वर्षं स्वतः दादानेच तशी पत्रं टाइप केली होती. आता त्यांतलं एकही त्याला वाचता येत नव्हतं.

आणि नव्या फायली? त्या तर आणखी ग्रेट. कॉम्प्युटरवर पत्र टाइप करायचं, प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा, मोबाइलने फोटो काढायचा, पीडीएफ करायची आणि ग्रुपवर टाकायची. म्हणजे मजकुराचा परत फोटोच. स्क्रीन रीडर उघडतो आणि सांगतो, पान रिकामं आहे. आपल्या कंपन्यांतही हेच चालतं, नोटीस म्हणून जेपीजी फिरतात. मीच किती टाकल्यात!

त्या दिवशी दादा पुन्हा फक्त डबा खाऊन आला. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी त्याने एक गोष्ट केली, जी सात महिन्यांत केली नव्हती. भांडला. साहेबांकडे जाऊन म्हणाला, पत्र ज्याने टाइप केलं त्याच्याकडे मूळ फाइल असतेच, फोटोसोबत तीही मला द्या. कृतिदेवच्या फायली युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, मी बदलून घेतो. स्कॅन केलेलं पत्र गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडलं तर छापील मराठी बरंचसं ओळखलं जातं. गोपनीय नसेल ते मी तिथून वाचतो. जिथे अडेल तिथे विचारीन. साहेब म्हणाले, ‘‘आधी का नाही सांगितलं?’’ दादा म्हणाला, ‘‘आधी मलेच माहीत नव्हतं.’’

आता आवक-जावक त्याच्याकडे आहे, एक्सेलमध्ये. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी त्याच्याकडून इनस्क्रिप्ट शिकायला घेतलंय, कारण त्यांना कन्व्हर्टरचा रोजचा ताप नको होता. सगळं गोड झालंय असं मात्र नाही. काही सरकारी साइटवर लॉगिनला वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र येतं आणि ते वाचायला अजूनही ताईंना हाक मारावी लागते. म्हणजे पासवर्ड कितीही गुप्त ठेवा, दार उघडायला शेजारी लागतोच. मध्यंतरी एका अॅपवर केवायसी करताना त्याला सूचना आली, कॅमेऱ्याकडे बघा आणि डोळे मिचकवा. कॅमेरा कुठे आहे ते त्याला मामीने मान धरून दाखवलं. सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला याच प्रश्नावर निकाल दिलाय, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि डिजिटल केवायसी दिव्यांगांना करता येईल अशी बनवा, डोळे मिचकावण्याला पर्याय ठेवा. दादाने तो निकाल इंग्रजीतून, रोबोच्या तोंडून, पूर्ण ऐकला. मी बातमीच वाचली होती.

हा कॉलम लिहून झाल्यावर मी त्याला पानाचा फोटो पाठवणार होते, छान डिझाइन होतं म्हणून. पाठवायच्या आधी हात थांबला, नशीब. युनिकोडमधलं साधं मॅटर मेल केलं. वीस मिनिटांत उत्तर आलं, इनस्क्रिप्टमध्ये टाइप केलेलं, एकही वेलांटी न चुकता. ‘‘वाचलं. इअरफोन दीडशेचा नाही, एकशेवीसचा होता, मी भाव केला होता. तुला तेव्हा फोन आला होता म्हणून माहीत नाही. आणि मी तुला रनआउट बरोबरच दिलं होतं.’’